पाटीवरचे नाव

चोर मागच्या दाराने येतो, अशी माझी चाळीस वर्षांची समजूत होती. आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की वडील बॅटरी घेऊन परसात जात आणि परसदाराची कडी हाताने ओढून पाहत. पुढच्या दाराची त्यांना फारशी फिकीर नसे. पुढचे दार रस्त्यावरचे, दिव्याखालचे, चार लोकांच्या नजरेतले. तिकडून कोण चोर येणार? परंतु गेल्या वर्षी आमच्या शाळेत चोर शिरला तो पुढच्या दाराने, भर दिवसा आणि रीतसर नाव सांगून. ते दार उघडे ठेवणाऱ्यांत मी होतो. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

शाळेत शिरला म्हणजे शाळेच्या इमारतीत नव्हे. तिथे चोरण्यासारखे खडू आणि नकाशे यांपलीकडे काही नाही. तो शिरला शाळेच्या वेबसाइटमध्ये. आता तालुक्याच्या गावातल्या शाळेलाही वेबसाइट असते. आमची वेबसाइट एका माजी विद्यार्थ्याने करून दिली होती. पैसा घेतला नाही. "सर, शाळेनं मला काय कमी दिलं?" असे म्हणाला आणि चार रविवार बसून त्याने ती उभी केली. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत (आमच्या घरी दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात) आणि त्यावर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. लिहिता येते म्हणून वेबसाइटवर मजकूर घालण्याचे काम माझ्याकडे आले.

मी त्या मुलाकडे एक हट्ट धरला. आमची मुले शाळा सोडून जातात, कोणी पुण्यात, कोणी आखातात, कोणी शेतात. त्यांतली काही अजून चित्रे काढतात. त्यांनी चित्राचा फोटो काढावा, थेट शाळेच्या वेबसाइटवर पाठवावा आणि तो तिथे लागावा, अशी एक भिंत मला हवी होती. तो म्हणाला, "सर, मग आधी प्रत्येकाला नाव नोंदवायला लावू. खूण पटली की मगच चित्र घेऊ." मला ते रुचले नाही. "अरे, आपलीच मुलं ती. आपल्या घरी यायला त्यांनी चिठ्ठी कशाला आणायची?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं सर."

त्याने चित्रे स्वीकारणारे एक प्लगिन बसवले. दोन वर्षे भिंत बहरत गेली. एका मुलीने दुबईहून खजुराच्या झाडाखाली बसलेल्या मजुरांचे चित्र पाठवले होते. ते मी वर्गात दाखवले. मग एके दिवशी एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली. ती शिवणकाम करते. शाळेच्या वेबसाइटवर परीक्षेची फी भरण्याचे पान निघाले होते, त्यावर तिने १,८५० रुपये भरले होते आणि ती पावती मागत होती. असे कोणतेही पान आम्ही काढलेले नव्हते. मुख्याध्यापिका बाईंनी तिला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "शाळेचं नाव होतं ना वर, म्हणून भरले."

तिचे हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पुढे सगळा प्रकार समजून घेतला तेव्हा ध्यानात आले की या प्रकारातले मर्म त्या बाईने एका वाक्यात सांगितले होते.

घडते ते असे. आपण फाइल पाठवतो तेव्हा फाइलला नाव असते आणि नावाच्या शेवटी तिची जात सांगणारी दोनचार अक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे पाटी. शिवाय पाठवणाऱ्याचा संगणक स्वतःहून सांगतो, "हे चित्र आहे बरे का." आता देवडीवरच्या माणसाने काय करावे? कित्येक प्लगिनांत तो काहीच विचारत नाही. कित्येकांत तो पाटी वाचतो किंवा पाहुण्याच्या तोंडचा शब्द प्रमाण मानतो. आणि काही ठिकाणी तर तपासणीचे काम पाहुण्याच्याच संगणकावर सोपवलेले असते. म्हणजे पाहुण्याच्या हाती वही देऊन 'तुझी झडती तूच घे आणि सही कर' असे सांगण्यापैकी! चित्र म्हणून आलेली वस्तू चित्र नसून आज्ञांची यादी असू शकते. वेबसाइटचा सर्व्हर हा आज्ञाधारक आचारी आहे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटी पीएचपी या भाषेतल्या आज्ञा ऐकतात. तशी आज्ञापत्रिका ज्या फोल्डरात चित्रे ठेवतात तिथे जाऊन पडली आणि त्या फोल्डरातल्या आज्ञा पाळू नयेत असे आचाऱ्याला कोणी सांगितलेले नसले, की काम झाले. चोर घरी बसून त्या पत्रिकेचा पत्ता टाइप करतो, आचारी ती उघडतो आणि लिहिले असेल ते करू लागतो. किल्ल्या कुठे आहेत ते सांगतो, नवी पाने लिहितो, जुनी पुसतो. आमच्या शाळेच्या नावाखाली फीचे पान निघाले ते असे.

तेव्हा देवडीने पाटीवर विश्वास ठेवला आणि त्या आईनेही पाटीवरच विश्वास ठेवला. वरवर पाहता दोघांची चूक एकच. पण देवडीला मी दोष देतो आणि त्या आईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. असे का?

या प्रश्नाचा विचार करताना मी जगातली दोन उदाहरणे वाचली. ती सांगतो, कारण त्यांत माझ्या प्रश्नाचे काही धागे आहेत.

पहिले उदाहरण सेबास्टियन चान नावाच्या प्रोग्रॅमरचे. त्याने जेक्वेरी फाइल अपलोड नावाचे एक प्लगिन लिहून जगाला फुकट दिले. ते इतके लोकप्रिय झाले की गिटहबवर त्याच्या ७,८०० हून अधिक प्रती लोकांनी आपापल्या कामासाठी काढून घेतल्या. चित्रांच्या फोल्डरातली आज्ञा पाळू नये, अशी व्यवस्था त्यात होती. त्या फोल्डराच्या दारावर एक सूचनाफलक होता असे समजा: 'येथील वस्तू चुलीवर चढवू नये.' परंतु २०१० साली अपाचे या सर्व्हरच्या २.३.९ या आवृत्तीपासून असा नियम झाला की मालकाने मुद्दाम सांगितल्याखेरीज आचाऱ्याने दारांवरचे असले फलक वाचत बसू नये. हेतू चांगलाच होता. काम वेगाने व्हावे आणि कोणीही कोपऱ्यात फलक लावून मालकाची आज्ञा फिरवू नये, असा तो होता. पण त्या दिवसापासून दारावरचा फलक नुसता टांगलेला राहिला. तो कोणी वाचत नव्हते आणि वाचत नाही हे कोणी पाहिले नाही. अकामाई या कंपनीतला संशोधक लॅरी कॅशडॉलर याने ते उजेडात आणले २०१८ साली. आठ वर्षे! चोरांना मात्र ही वाट आधीच सापडलेली होती. ती दाखवणारे व्हिडिओसुद्धा इंटरनेटवर होते.

चानने काय केले? त्याने लगेच दुरुस्ती केली. मुळात फक्त चित्रेच स्वीकारली जातील असे केले आणि आपले कुठे चुकले ते कोणालाही वाचता येईल असे लिहून ठेवले. पण दुरुस्त झाले ते त्याचे स्वतःचे पुस्तक. लोकांनी घरोघर नेलेल्या हजारो प्रतींतली चूक त्याला कशी पुसता येणार? ज्याने त्याने आपापली प्रत उघडून पाहिली तरच ती पुसली जाणार.

दुसरे उदाहरण २०२० सालचे. वर्डप्रेसच्या वेबसाइटवरच्या फाइली हाताळण्यासाठी 'फाइल मॅनेजर' नावाचे एक प्लगिन होते आणि ते ७ लाखांहून अधिक वेबसाइटींवर चालत होते. त्याच्या कर्त्यांनी एलफाइंडर नावाचा दुसऱ्याचा फुकट मिळणारा संच आत वापरला होता. त्या संचात नमुन्यादाखल एक फाइल येते. तिच्या नावाला शेवटी एक शेपूट लावलेले असते, ते अशासाठी की ती चुकूनही कामाला लागू नये. प्लगिनात ते शेपूट काढले गेले आणि नमुन्याचे दार खरे दार झाले. नाव नाही, खूण नाही, संकेतशब्द नाही. येईल त्याने यावे आणि हवी ती फाइल ठेवून जावे! फिनलंडमधल्या एका कंपनीच्या तंत्रज्ञाच्या हे ध्यानात आले आणि १ सप्टेंबरला दुरुस्त आवृत्ती निघाली. पण हल्ले सुरू झालेलेच होते आणि ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांच्यावर पुढे लाखोंनी झाले.

यातला एक तपशील वाचून मी थक्क झालो. वर्डफेन्स या संस्थेने तेव्हा नमूद केले की काही चोरांनी आत शिरल्यावर त्या उघड्या दाराला आपला संकेतशब्द घातला. मालकाच्या कळवळ्याने नव्हे. दुसरा चोर येऊ नये म्हणून! मालकाला जे सुचले नाही ते चोराने पहिल्या दिवशी केले. वस्तूची किंमत ज्याला कळते तो तिला कुलूप लावतो. मग आम्हाला आमच्या वेबसाइटची, म्हणजेच आमच्या नावाची, किंमत कळत नव्हती, असे म्हणायचे का?

आता दोषाचा प्रश्न. कादंबरीत गुन्हेगार शोधणे सोपे असते. दोनशेव्या पानाच्या आसपास तो सापडतोच, कारण तिथे त्याला मीच बसवलेला असतो. इथे मात्र चार माणसे उभी आहेत. चोर, प्लगिन लिहिणारा, ते आमच्याकडे बसवणारा, आणि रोज ते वापरणारा. चोराबद्दल वाद नाही. तो दोषी आहे, आणि दार उघडे होते म्हणून त्याचा दोष गुंजभरही कमी होत नाही. पण चोर दोषी ठरला म्हणून बाकीचे आपोआप सुटतात का?

समजा, एखाद्याने गावासाठी विहीर खणली आणि कठडा बांधला नाही. त्यात लेकरू पडले. विहीर फुकट दिली म्हणून कठड्याची जबाबदारी माफ होते, असे मला वाटत नाही. पुण्य केल्याने काळजीतून सुटका मिळत नाही. उलट विहीर जितकी गावाच्या उपयोगाची तितकी लेकरे तिच्या काठाशी अधिक. तथापि, याची दुसरीही बाजू आहे. विहीर खणणारा एकटा आणि पाणी भरणारे हजार. त्याने कठडा बांधला, पुढे कठड्याचा दगड निखळला, तेव्हा तो परगावी होता. पण रोज घागर बुडवणाऱ्यांना तो दगड दिसत होता. तेव्हा दोष कोणाचा? फुकट दिलेल्या पाण्याचा एक मोबदला असतो आणि तो पैशात नसतो. निखळलेला दगड ज्याला दिसेल त्याने बसवावा, निदान ओरडून सांगावे, हा तो मोबदला. आम्ही पाणी भरतो, विहीर खणणाऱ्याचे नावही विचारत नाही आणि अपघात झाला की प्रथम त्याचेच नाव शोधतो.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वेबसाइटवर मजकूर घालायला मी दर आठवड्याला जो फलक उघडत असे, त्याच्या कडेला एक लाल वर्तुळ दिसे आणि त्यात आकडा असे. नव्या आवृत्त्या आल्या आहेत, त्या बसवा, असा त्याचा अर्थ. प्रथम तो आकडा दोन होता, मग पाच, मग अकरा. त्या अकरांत चित्रांच्या प्लगिनाची दुरुस्त आवृत्ती होती. ती चार महिन्यांपूर्वीच निघाली होती. मी ते वर्तुळ पाहत होतो आणि कुंकवाच्या ठिपक्याकडे पाहावे तसे पाहून पुढे जात होतो. मला त्याचा अर्थ कळत नव्हता असे म्हणण्याचीही सोय नाही. त्या मुलाने सुरुवातीलाच तो मला समजावून सांगितला होता.

पुढे शाळेच्या समितीची बैठक झाली. एक सभासद म्हणाले, "फुकटातलं काम असंच असायचं." त्या मुलाला कडक पत्र लिहावे असे ठरले. पत्र चांगल्या मराठीत हवे, म्हणून ते मला लिहायला सांगितले. आणि मी ते लिहिले. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी त्यात तीनदा वापरला. भाषा चांगली उतरली होती असे सर्वांचे मत पडले.

दोन दिवसांनी तो आला. रात्री दहा वाजेपर्यंत बसून त्याने एकेक फाइल तपासली, चोराच्या तीन फाइली काढून टाकल्या, सगळे संकेतशब्द बदलले. मी शेजारी बसलो होतो. त्याने तो फलक उघडला, कडेला लाल वर्तुळात अकरा आकडा होता. त्याने तो पाहिला. माझ्याकडे वळून पाहिले नाही. एकेक आवृत्ती बसवत गेला आणि वर्तुळ नाहीसे झाल्यावर म्हणाला, "सर, मीही अधूनमधून पाहायला हवं होतं."

त्या आईला मी दोष का देऊ शकत नाही, हे मला तेव्हा उमगले. तिने पाटी वाचून विश्वास ठेवला, कारण पाटीमागे काय आहे हे पाहण्याचे साधन तिच्या हातात नव्हते. आमच्या हातात होते. तपासण्याचे साधन ज्याच्या हाती, तपासण्याचे ओझेही त्याच्याच माथ्यावर. साधन नसलेल्याचा विश्वास हा भोळेपणा नसतो. त्याने आपला भार आपल्यावर टाकलेला असतो, आणि तो आपण पेलला नाही तर दोष पेलणाऱ्याचा. सीतेने दाराशी आलेल्या भिक्षूला भिक्षा घातली. भिक्षा घालणे हा तिचा धर्म होता आणि अंगावर वेष भिक्षूचा होता. तरीही आपण रेषा ओलांडल्याचा दोष तिच्याच पदरात घालत आलो आहोत. वेषाची परीक्षा करण्याचे बळ ज्यांच्यापाशी होते ते दोघे त्या वेळी रानात होते, हे आपण बोलत नाही.

मग दार बंदच करावे काय? समितीचा कल तसाच होता. चित्रांची भिंत काढून टाकावी, म्हणजे कटकट मिटली. मला हे पटले नाही, आणि माझ्या हट्टाखातर नव्हे. आमच्या आजोळी जुना वाडा होता. तिथे वाटसरूला पाणी आणि भाकर मिळाल्याशिवाय तो पुढे जात नसे. पण वाटसरू ओसरीवर बसे. त्याची घोंगडी, त्याचे गाठोडे ओसरीवरच राही. माजघरात, चुलीपाशी, धान्याच्या कणगीपाशी त्याचे काही जात नसे. यात कोणाचा अपमान नव्हता. कोणी त्याच्याकडे संशयाने पाहत नसे. वाड्याची रचनाच अशी होती की संशय घेण्याचे कारण पडू नये. मी आदरातिथ्य म्हणून जे केले होते ते आदरातिथ्य नव्हतेच. तो आळस होता आणि त्याला मी प्रेमाचे नाव दिले होते.

वेबसाइटीचेही तसेच करता येते, हे त्या मुलाने मला समजावले. कोणत्या जातीच्या फाइली घ्यायच्या त्यांची यादी आपण ठरवायची, 'अमुक नको' अशी नव्हे तर 'एवढ्याच हव्यात' अशी. कारण नकोशा गोष्टींची यादी कधी पुरी होत नाही. पाटी न वाचता आत खरोखर चित्र आहे का ते पाहायचे. पाहुण्याने आणलेले नाव काढून आपले नाव द्यायचे. ती फाइल अशा जागी ठेवायची की जिथली आज्ञा आचारी पाळणार नाही. यांतला एक उपाय फसला तरी दुसरा उभा राहावा, म्हणून सारेच करायचे. आणि नवी आवृत्ती आली की ती त्याच दिवशी बसवायची, कारण दुरुस्ती जाहीर झाली की दार कुठे कच्चे होते हे चोरालाही कळते. प्रामाणिक संशोधक म्हणूनच आधी कर्त्याच्या कानात सांगतो, दुरुस्ती होईतो थांबतो आणि मग जगाला सांगतो. त्याने सांगितल्यावरही जो झोपून राहतो त्याचे रक्षण कोण करणार?

पुढच्या बैठकीत मी लाल वर्तुळाची हकिकत सांगितली. सांगताना घाम फुटला. इतकी वर्षे कादंबऱ्यांतल्या पात्रांकडून कबुलीजबाब वदवून घेतले. ते किती स्वस्तात वदवले ते त्या दिवशी समजले. पहिले पत्र मागे घेण्यात आले आणि दुसरे मीच लिहिले. ते पहिल्याइतके चांगले उतरले नाही. त्या आईचे १,८५० रुपये समितीने परत केले आणि मी ते समितीकडे भरले. तिने पैसे मोजून घेतले आणि विचारले, "आता फी कुठं भरायची, सर?" मी म्हटले, "इथं ऑफिसात. पावती घेऊनच जा."

चित्रांची भिंत पुन्हा सुरू झाली आहे. आता चित्र आले की आधी ओसरीवर थांबते; मी ते पाहतो आणि मग भिंतीवर लावतो. पूर्वी मी चित्रे भिंतीवर लागल्यानंतर केव्हातरी पाहत असे. आता प्रत्येक चित्र प्रथम माझ्या हाती येते. थोडा वेळ जातो खरा, पण कोणी काय काढले हे मला अधिक नीट कळू लागले आहे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दार उघडे ठेवतो आणि त्याच रात्री उशिरा घरातली म्हातारी बाई सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर काढते. लहानपणी मला त्या सुपाच्या आवाजाची गंमत वाटे. यंदा पणत्या लावून झाल्या की मी तो फलक एकदा उघडून पाहणार आहे. सोमवार नसला तरी.